चिचटोल्याची हार्ड डिस्क आणि पेटीतले तिचे कार्ड

प्रति,
मा. उपसंचालक (अभिलेख),
विभागीय विस्थापन नोंद कार्यालय,
नागपूर.

अर्जदार : श्रीमती सत्यवती प्रेमानंद सुखदेवे, वय ७५, सेवानिवृत्त वरिष्ठ लिपिक, रा. बेसा, नागपूर.

विषय : जडवस्तू संग्रह नोंदवही अनु. क्र. २१२ वरील कार्ड लिलावातून वगळून, त्यावर एक जुनी हार्ड डिस्क एकदा वाचू देण्याबाबत.

संदर्भ : १) आपली निर्लेखन व लिलाव सूचना, दि. ३ नोव्हेंबर २०२५.
२) माझे अर्ज दि. १० मार्च व दि. २१ जुलै २०२५, आणि त्यांस आलेली आपली दोन उत्तरे.

महोदय,

१. हे सर्व सन १९९१ मध्ये घडले. त्या वर्षी धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या अकरा गावांतील कुटुंबांची यादी संगणकावर घेण्याचे काम आपल्या कार्यालयाकडे आले होते. कार्यालयात संगणक एकच होता आणि तो चालवायला शिकलेली मी एकटी होते. तालुक्याच्या शाळेतील एका वर्गात शिबिर भरवले होते. रोज एका गावची माणसे ट्रॅक्टरमधून येत, बाहेर कडुनिंबाखाली रांगेने उकिडवी बसत आणि एकेक जण आत येऊन नाव, वय, घरातली माणसे व जनावरे सांगत असे. मी ते टंकित करून नोंद साठवण्याची कळ दाबत असे.

२. कळ दाबली की संगणकाच्या आतली हार्ड डिस्क वाजत असे. आधी टक टक, आणि मग सुपात तांदूळ पाखडावे तशी बारीक सरसर. पहिल्याच दिवशी एका म्हाताऱ्याने काय वाजले म्हणून विचारले. समजावून सांगायला वेळ नव्हता. मी म्हटले, तुमचे नाव बसले. हे दुसऱ्या दिवशीपर्यंत अकराही गावांत पोचले. त्यानंतर तो आवाज ऐकल्याशिवाय कोणी खुर्चीवरून उठेना. रंभाबाई नान्हे यांना ऐकू येत नव्हते. त्यांनी संगणकाच्या डब्यावर तळहात ठेवला, सरसर हाताला लागू दिली आणि मग उठल्या. शिबिरप्रमुख मनोहरराव देशकर मला म्हणाले होते की बाई, तुम्ही तर सरकारपेक्षा पक्की पावती काढली. छपाईयंत्र बिघडलेले असल्याने खरी पावती कोणालाच दिली गेली नाही. आवाजाला पावती समजण्याची ही चूक माझ्या एका वाक्यामुळे सुरू झाली, हे प्रथम नमूद करते.

३. दि. १४ मे रोजी मौजा चिचटोला येथील लोक आले. त्यांत पंचफुला भोयर, वय ४६, या होत्या. त्यांचे पती सात वर्षांपूर्वी रायपूरकडे कामाला गेले, ते परतले नव्हते. मनोहररावांचे म्हणणे असे पडले की पती मेल्याचा पुरावा नाही, तेव्हा कुटुंबप्रमुख तोच. पंचफुलाबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तो कुठी हाये ते तुमी शोधा साहेब. सापडला तं मलेही सांगा. घरात मी राहतो, माहं नाव लिहा." बाहेरची रांग हसली. मनोहररावांनी हात झटकले आणि मला मान हलवून खूण केली. मी लिहिले : पंचफुला भोयर, कुटुंबप्रमुख, मुलगी वंदना, वय चौदा, एक झोपडी, एक शेळी. आवाज झाला. पंचफुलाबाईंनी मला हात जोडले आणि त्या बाहेर गेल्या. त्याच सुमारास लाईट गेली.

४. यादी १९९३ साली छापून झाली आणि संगणकातली प्रत कोणी पुन्हा पाहिली नाही. १९९८ च्या पावसाळ्यात अभिलेख खोलीचे छत गळले व चिचटोल्याच्या यादीची दोन पाने लगदा झाली. त्या पानांवर एकसष्ट कुटुंबे असावीत. सातबारा आणि मतदार यादी पाहून त्यातील साठ पुन्हा लिहून काढण्यात आली. पंचफुलाबाईंच्या नावे जमीन नव्हती आणि मतदार यादीत त्यांचे नाव चुकून माहेरच्या गावी राहिले होते. तेव्हापासून कार्यालयाच्या दृष्टीने त्या चिचटोल्यात कधी राहतच नव्हत्या. पुढच्या वर्षी गाव पाण्याखाली गेले. नव्या गावठाणात साठ घरांना भूखंड मिळाले. पंचफुलाबाई मुलीला घेऊन नागपुरास आल्या आणि लकडगंजात धान्य निवडण्याच्या कामाला लागल्या. ज्या गावात त्या सत्तावीस वर्षे राहिल्या त्या गावचे नाव त्यांच्या एकाही कागदावर नाही. त्यांना आता भूखंड नको आहे. मी त्या गावची होते असे सरकारने एका कागदावर लिहून द्यावे, एवढेच त्यांचे मागणे आहे.

५. आता डिस्क आणि कार्ड वेगळे कसे झाले ते लिहिते. १९९६ साली नवे संगणक आले. जुना निर्लेखित करून मोडीत काढायचा होता. त्यावर लेखापरीक्षकांचा आक्षेप आला की जडवस्तू नोंदवहीत एका ओळीवर एकच वस्तू असली पाहिजे, 'संगणक, सर्व भागांसह' अशी नोंद चालणार नाही. नोंदवही माझ्याकडे होती आणि तिच्यात एकही खाडाखोड नाही याचा मला अभिमान होता. मी डबा उघडला, एकेक भाग काढला, काडेपेटीच्या काडीने पांढऱ्या ऑइल पेंटमध्ये त्यावर क्रमांक घातले आणि प्रत्येकाला त्याच्या वर्गाप्रमाणे जागा दिली. हार्ड डिस्क क्र. २११, वर्ग अभिलेख, लाकडी कपाट. ती डिस्क चालवणारे कार्ड क्र. २१२, वर्ग विद्युत किरकोळ, लोखंडी पेटी. लेखापरीक्षकांनी शेऱ्यात 'उत्तम' असे लिहिले. तो शेरा आजही नोंदवहीत असेल.

संगणकाची देखभाल करणारे मनीषनगरचे श्री. दत्तोपंत मुळे त्या आठवड्यात रजेवर होते. परत आल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. त्यांनी जे सांगितले ते माझ्या शब्दांत असे. त्या काळच्या डिस्कच्या चकतीवर सुरुवातीला काहीच नसते. कार्ड तिच्यावर आपल्या मापाच्या न दिसणाऱ्या रेघा आखते आणि पुढे त्याच रेघांवर लिहिते व वाचते. दुसरे कार्ड त्याच कंपनीचे असले तरी त्याचे माप केसभर वेगळे असू शकते. दत्तोपंतांचे वाक्य मला पाठ आहे : "ताई, दुसरं कार्ड म्हणजे शेजारच्या गावचा तलाठी. त्याला आपल्या शिवेवरचे दगड दाखवा, तो म्हणेल इथे शेतच नाही."

२००८ साली मी निवृत्त झाले त्या महिन्यात लाकडी कपाट मोडीत निघाले. मनोहरराव तेव्हा कार्यालयप्रमुख होते. त्यांच्या सहीची चिठ्ठी घेऊन मी क्र. २११ घरी आणला. लोखंडी पेटी तेव्हा कुठल्या गोदामात होती ते कोणालाच सांगता आले नाही. २००९ साली पंचफुलाबाई आपल्या कार्यालयात नाव शोधायला आल्या. शिपाई संघपाल यांनी त्यांना माझा पत्ता दिला. माझ्या दारात उभे राहून पंचफुलाबाईंनी जोडे काढण्याआधीच सांगितले, "बाई, तुमी लिहिलं होतं. मी ऐकलं."

त्यानंतर चौदा वर्षे मी आणि दत्तोपंत कार्डे जमवत राहिलो. लकडगंजचे कबाडी, बंद पडलेले छापखाने, एका साखर कारखान्याची अडगळ. एकूण तेवीस कार्डे डिस्कला लावून पाहिली. बावीस कार्डांनी डिस्क कोरी असल्याचे सांगितले. एकोणिसावे कार्ड तेवढे वेगळे निघाले. त्याच कंपनीचे, त्याच नमुन्याचे, फक्त दोन वर्षांनंतरचे. २०१७ च्या मार्च महिन्यात ते लावल्यावर पडद्यावर काही क्षण अक्षरे आली आणि डिस्क अडकली. अक्षरे अर्धवट होती. एका नावाचे शेपूट, एका गावाचा मधला भाग, 'बैल २', मग पुन्हा काही नाही. त्यांत रंभाबाई नान्हे हे नाव मात्र पूर्ण आले. त्या २००३ साली वारल्या. दत्तोपंतांनी बटण बंद केले.

६. हा परिच्छेद मी दोनदा फाडून पुन्हा लिहिला आहे. परिच्छेद ३ मध्ये मी 'त्याच सुमारास लाईट गेली' असे लिहिले. ते पुरेसे खरे नाही. आवाज आधी झाला की लाईट आधी गेली, हे मला आठवत नाही. आवाज ऐकून मी मान वर केली तेव्हा पडदा काळा होता. मी कळ दाबली होती की दाबणार होते, हेही मला खात्रीने सांगता येत नाही. त्या वेळी मला शंका आली नाही, कारण आवाज झाला होता आणि आवाज झाला म्हणजे नाव बसले हे मी इतक्यांदा सांगितले होते की मलाही ते खरे वाटू लागले होते. पंचफुलाबाईंनी दारातून वळून विचारले, "झालं नं बाई?" मी म्हटले, झाले. अर्ध्या तासाने लाईट आली. शेवटची नोंद तपासायला पूर्ण यादी उघडावी लागे, त्याला अकरा मिनिटे लागत. बाहेर उन्हात माणसे बसली होती. मी पुढचे नाव घेतले.

२०१० साली बोलता बोलता दत्तोपंत म्हणाले की या जातीच्या डिस्कची वीज गेली तर ती आपली सुई ओढून कडेला नेऊन ठेवते आणि तेव्हाही ती वाजते. मी विचारले, कशी वाजते. त्यांनी एक डिस्क चालू केली आणि तिची वायर उपटली. टक टक आणि सरसर. शेवटी एक लहानसा ठोका जास्त होता. त्या दिवशी तो जास्तीचा ठोका होता का, याचा विचार मी पंधरा वर्षे करीत आहे.

आणखी एक गोष्ट कबूल करते. लोखंडी पेटी कोणत्या गोदामात आहे हे मला २०२३ मध्येच कळले होते. माझा पहिला अर्ज मार्च २०२५ चा आहे. मधली दोन वर्षे मी आजारी नव्हते. मला भीती वाटत होती.

७. पुढील मजकूर शासकीय अर्जात शोभत नाही याची मला जाणीव आहे. मी अशा घरातली आहे जिथे १९५६ नंतर देव्हारा राहिला नाही आणि भुताखेतालाही थारा मिळाला नाही. मी सहा वर्षांची असताना वडिलांच्या खांद्यावर बसून दीक्षाभूमीवर गेले होते. घरी परतल्यावर आईने मांत्रिकाचा गंडा माझ्या गळ्यातून काढून चुलीत टाकला, तो वास मला अजून आठवतो. तरीही जे आहे ते लिहिणे भाग आहे.

२०१७ च्या त्या मार्चपासून दुपारी जेवणे आटोपल्यावर माझ्या घरासमोरच्या ओट्यावर माणसे बसलेली असतात. उकिडवी, रांगेने. बायकांच्या तोंडावर पदर असतो. मी चेहरे ओळखते, कारण एकेकाला मी समोर बसवून वय विचारलेले आहे. रंभाबाई भिंतीला तळहात लावून बसतात. जी माणसे हयात आहेत ती यांत कधीच नसतात. ती काही मागत नाहीत, बोलत नाहीत. आवाजासाठी थांबलेली आहेत, एवढे मला कळते. एकदा मी स्टीलच्या डब्यावर दोनदा टिचकी मारून सुपात तांदूळ पाखडले. एकानेही मान वळवली नाही. त्यांना नक्कल ओळखता येते. अंदाजे चार वाजता ओटा रिकामा होतो.

पंचफुलाबाई २०२० सालापासून माझ्याच घरी राहतात. त्या आतून विचारतात, "कोन आलं वं?" मी सांगते, कोणी नाही. त्या म्हणतात, मग दार काहून उघडं ठेवून राहिली, माश्या येतात.

८. जानेवारी २०२५ मध्ये मी आपल्या वाडी येथील गोदामात जाऊन आले. भांडारपाल श्री. धर्मेंद्र यांनी सहानुभूतीने पेटी उघडून दाखवली. तिच्यात पाच कार्यालयांची कार्डे एकत्र टाकलेली आहेत. मी अठ्ठावन्न मोजली. सर्वांवर सारखीच धूळ आहे. उजव्या कोपऱ्यात, तिसऱ्या थरात, एका कार्डाच्या पत्र्याच्या पट्टीवर पांढरा रंग दिसला. मधला १ आणि शेपूट लांब ओढलेला २. तो २ माझा आहे. मी हात पुढे केला तेव्हा धर्मेंद्र म्हणाले, "मावशी, पाहून घ्या, पन हात नका लावू. मले वजनावर हिशोब द्या लागते." त्यांचा दोष नाही. एक कार्ड कमी झाले तर पेटीचे वजन कमी भरेल.

माझ्या पहिल्या अर्जावर उत्तर आले की कार्डाची निकड ठरवण्यासाठी डिस्कमधील मजकुराची छापील प्रत सादर करावी. मी कळवले की तो मजकूर वाचण्यासाठीच कार्ड हवे आहे. त्यावर उत्तर आले की अर्जदाराने मागितलेली प्रत सादर न केल्याने प्रकरण नस्तीबद्ध करून बंद करण्यात येत आहे. मी चौतीस वर्षे अशीच पत्रे टंकित केली आहेत, त्यामुळे रागावण्याचा मला अधिकार नाही. परंतु २८ नोव्हेंबर रोजी ती पेटी वजनावर विकली जाऊन वितळवली जाणार आहे. त्यानंतर माझ्याकडची डिस्क ही नुसती लोखंडाची वीट राहील.

वेळही थोडा आहे. दत्तोपंतांनी सांगून ठेवले होते की डिस्कमधले वंगण घट्ट होत चालले आहे, ती आणखी एकदा फिरेल, फार तर दोनदा. म्हणून २०२२ नंतर मी तिला वीज दिलेली नाही.

९. तरी माझी नम्र विनंती अशी :

(अ) क्र. २१२ हे एकच कार्ड लिलावातून वगळावे. पेटीचे वजन भरण्यासाठी त्याच्या बदली मी माझ्याकडची तेवीस कार्डे जमा करीन.

(ब) कार्ड कार्यालयाबाहेर नेण्याची मला गरज नाही. दत्तोपंतांची कन्या पिंकी यांना वडिलांनी हे काम शिकवलेले आहे. त्या जुना संगणक घेऊन आपल्या कार्यालयात येतील. आपल्या समोर, आपल्या साक्षीदारांसमोर, एकदाच डिस्क चालवावी.

(क) चिचटोल्याच्या नोंदींत पंचफुला भोयर हे नाव निघाल्यास त्या नोंदीची साक्षांकित प्रत त्यांना द्यावी.

(ड) नाव न निघाल्यास, दि. १४ मे १९९१ रोजी सदर महिला समक्ष हजर होत्या, त्यांनी माहिती दिली व नोंद राहिली ती टंकलेखिकेच्या चुकीने, असा माझा जबाब लिहून घ्यावा. माझ्या निवृत्तिवेतनावर काय कारवाई करायची ती करावी. त्या जबाबावरून दाखला देता येतो का, एवढे पाहावे.

(इ) दोन्हींपैकी काहीही निघाले तरी उत्तर टपालाने पाठवू नये. कारण खाली दिले आहे.

१०. आपण या कार्यालयात नवीन आहात, म्हणून यातील माणसांचे पुढे काय झाले ते लिहून थांबते. मनोहरराव देशकर २०११ साली निवृत्त झाले व मुलाकडे भोपाळला असतात. मी फोन केला तेव्हा त्यांना शिबिर आठवले, त्या दुपारी शाळेत मिळालेला झुणका आठवला, पंचफुलाबाई आठवल्या नाहीत. शिपाई संघपाल यांचे २०१८ साली निधन झाले. दत्तोपंत मुळे २०२३ च्या डिसेंबरात गेले. शेवटच्या आठवड्यात त्यांनी पिंकीकडून चोविसाव्या कार्डाची चौकशी करवली होती. वंदना आता अठ्ठेचाळीस वर्षांच्या आहेत आणि बालाघाटला सासरी असतात. त्या फोनवर आईला म्हणतात की नाद सोड, गाव गेलं, आता कागद घेऊन का करतं? चिचटोल्यात उन्हाळ्यात पाणी उतरले तरी काही दिसत नाही, असे तिकडे मासे धरणारे सांगतात.

पंचफुलाबाई ऐंशी वर्षांच्या आहेत. डोळ्यांना कमी दिसते, कान शाबूत आहेत. दाराशी त्याच बसलेल्या असल्याने टपाल त्या घेतात, आणि शेजारच्या मास्तरीणबाईंकडून लगेच वाचून घेतात. मी अंघोळ करून बाहेर येईपर्यंतही थांबत नाहीत. हा अर्ज मी लिहीत असताना त्या समोर बसून लसूण सोलत होत्या. परिच्छेद ९ पर्यंत लिहून झाल्यावर त्यांनी तो वाचून दाखवायला सांगितले. मी वाचला. दुपारच्या माणसांबद्दल ऐकून त्या एवढेच म्हणाल्या की रंभाबाई दिसली तं मले हाक मारत जाय. कलम (ड) ऐकून रागावल्या आणि म्हणाल्या, "हे काहून लिहिलं? तू लिहिलं होतं वं. साहेबाले वाटन तुलेच भरोसा नाही." मी सांगितले की कायद्याने दोन्ही बाजू लिहाव्या लागतात. ते त्यांना पटले. मग सगळे खरे आहे याची साक्ष म्हणून त्यांनी शेवटच्या पानावर स्वतःहून अंगठा दिला.

परिच्छेद ६ मी त्यांना वाचून दाखवलेला नाही.

आपल्या बोलावण्याची वाट पाहणारी,

(सही)
सत्यवती प्रेमानंद सुखदेवे
बेसा, नागपूर
दि. १७ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१) हार्ड डिस्क क्र. २११ घरी नेण्यास परवानगीची चिठ्ठी, सन २००८ (छायाप्रत).
२) कार्यालयाची दोन उत्तरे (छायाप्रती).
३) जमा करावयाच्या तेवीस कार्डांची यादी.
४) संपूर्ण अर्ज ऐकल्याबद्दल पंचफुला भोयर यांचा अंगठा.